वेदीवस्त्रे व याजकवस्त्रे : शिवण आणि भरतकाम

ख्रिस्ती चर्चमध्ये वेदीवर अंथरण्याची कापडे आणि उपासनेच्या वेळी याजकाने परिधान करावयाची वस्त्रे शिवणे व त्यांवर भरतकाम करणे, अशी ही कला आहे. रोमन कॅथलिक, अँग्लिकन, लुथरन आणि पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चांमध्ये ती जोपासली गेली. इतर अनेक प्रॉटेस्टंट पंथांनी मात्र अशी वस्त्रे जवळजवळ वर्ज्य केली. कामाचे दोन भाग पडतात. एक पांढऱ्या लिननचा, दुसरा रंगीत रेशमाचा व जरीचा. उपासनेत पवित्र मानून सेवन केली जाणारी भाकर आणि द्राक्षारस यांच्या जितके निकट, तितके कापड साधे, असा संकेत या दोन्ही भागांमागे दिसतो.

लिनन म्हणजे जवसाच्या खोडातील तंतूंचे कापड. ते पाणी पटकन शोषते, उकळणे आणि कडक इस्त्री सहन करते, आणि वारंवार धुतल्याने अधिक मऊ होते. म्हणून सतत धुवाव्या लागणाऱ्या या वस्त्रांसाठी ते पूर्वीपासून पसंत केले जाते. यांतील सर्वांत महत्त्वाचे वस्त्र म्हणजे कॉर्पोरल. सुमारे ५० सेंटिमीटर बाजूचा हा चौकोन प्याला आणि तबकडी यांच्याखाली पसरतात. तो लांबीत तीन व रुंदीत तीन घड्यांत आतल्या बाजूस दुमडला जातो, त्यामुळे उलगडल्यावर नऊ चौकोन दिसतात आणि भाकरीचा कण पडलाच तर तो आतच राहतो. याच कारणासाठी त्यावर उठावदार भरतकाम करीत नाहीत. याजकाच्या बाजूच्या कडेजवळ पांढऱ्या धाग्याचा लहानसा सपाट क्रूस पुरेसा मानला जातो. प्याला पुसण्याचा प्युरिफिकेटर, हात पुसण्याचा रुमाल आणि प्याल्यावर ठेवायचे ताठ चौकोनी झाकण म्हणजे पॉल, ही याच कुळातील इतर वस्त्रे होत. वेदीच्या मुख्य पांढऱ्या कापडावर चार कोपऱ्यांत व मध्यभागी मिळून पाच क्रूस काढण्याची प्रथा आहे. ते ख्रिस्ताच्या पाच जखमांचे स्मरण देतात.

लिननचे काम दिसायला सोपे, पण हात जोखणारे असते. कापड आटते म्हणून ते कापण्यापूर्वी धुऊन घेतात. कात्री सरळ चालावी यासाठी कापडातील एक धागा ओढून काढतात आणि त्या जागी उमटलेल्या रेषेवरून कापतात. दुमड अरुंद ठेवून हाताने बारीक टाक्यांनी शिवतात, आणि कोपऱ्यांत जाडी साठू नये म्हणून तेथील जादा कापड तिरके कापून दुमडतात. सोनेरी जरीत चूक झाकता येते. पांढऱ्यावर पांढऱ्या धाग्याने काम करताना वाकडा टाका लपत नाही.

याजकवस्त्रांपैकी अल्ब हा बाह्यांचा पायघोळ पांढरा झगा, स्टोल ही गळ्यातून खाली सोडलेली लांब पट्टी आणि चॅझ्युबल हे मिस्साच्या, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या उपासनेच्या, वेळचे सर्वांत बाहेरचे वस्त्र. चॅझ्युबलचे मूळ रोमन काळातील बिनबाह्यांच्या प्रवासी झग्यात आहे. मध्ययुगाच्या उत्तरार्धात भरतकाम जड व ताठ होत गेले, तसे हात मोकळे राहावेत म्हणून त्याच्या बाजू कापल्या जाऊ लागल्या. एकोणिसाव्या शतकात अनेकांनी पुन्हा रुंद, घोळदार आकार स्वीकारला. रंग उपासनावर्षानुसार बदलतात: ख्रिस्तजन्म व पुनरुत्थानाच्या काळात पांढरा, हुतात्म्यांच्या दिवशी व पेंटेकॉस्टला (पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाला) लाल, आगमनकाळ व उपवासकाळात जांभळा, सामान्य काळात हिरवा. पाश्चात्त्य कॅथलिक परंपरेत ही रंगयोजना १५७० च्या मिस्सलने (उपासनाग्रंथाने) पक्की झाली.

भरतकामासाठी कापड लाकडी चौकटीवर ताणतात. आराखड्याच्या रेषांवर सुईने छिद्रे पाडून त्यांतून भुकटी झिरपवतात आणि उमटलेले ठिपके जोडून घेतात. सोनेरी धागा कापडातून ओढला तर झिजतो; म्हणून तो वरच ठेवून रेशमी धाग्याच्या टाक्यांनी जागोजागी बांधतात. तेराव्या-चौदाव्या शतकांत इंग्लंडमधील कारागिरांनी याचीच निराळी पद्धत वापरली. खालच्या बाजूचा धागा सोन्याचा धागा बारीक फाशासारखा मागे खेचून घेई, त्यामुळे कापड लवचीक राही व अंगावर नीट पडे. ओपस अँग्लिकानम या नावाने प्रसिद्ध झालेल्या या कामाला युरोपभर मागणी होती. पोप चौथा निकोलस याने १२८८ मध्ये इटलीतील आस्कोली पिचेनोच्या कॅथीड्रलला दिलेला कोप (याजकाची अर्धवर्तुळाकार झूल) आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील सुमारे १३१०–१३२० चा सायन कोप ही त्याची नामांकित उदाहरणे. याहून जुने काम म्हणजे विंचेस्टरचा बिशप फ्रिदस्टन याच्यासाठी राणी एल्फ्लेड हिने करवून घेतलेला, डरममध्ये जतन केलेला स्टोल. तो दहाव्या शतकाच्या आरंभीचा असून १८२७ मध्ये संत कथबर्टची कबर उघडल्यावर सापडला.

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेत इंग्लंडमध्ये अशी पुष्कळ वस्त्रे नष्ट झाली. काहींतील सोने काढून घेतले गेले, काहींची आच्छादने बनली. अँग्लिकन चर्चमध्ये जुन्या कॅथलिक परंपरा पुन्हा आणू पाहणाऱ्या, १८३३ पासूनच्या ऑक्सफर्ड चळवळीने या कलेला पुन्हा प्रतिष्ठा दिली आणि वास्तुरचनाकार ऑगस्टस पगिन याने तिच्या मध्ययुगीन नमुन्यांचा आग्रह धरला. १८७२ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्कने तिचे पद्धतशीर शिक्षण दिले. विसाव्या शतकात फ्रेंच चित्रकार हेन्री मातीस याने फ्रान्समधील व्हाँस येथील प्रार्थनागृहासाठी आखलेल्या चॅझ्युबलांत भरतकामापेक्षा कापून जोडलेल्या रंगांच्या आकारांना महत्त्व मिळाले, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५ ची कॅथलिक धर्मसभा) साधेपणाकडे कल वाढला.

ऑर्थोडॉक्स परंपरेत वेदीवरचे अँटिमेन्शन हे कापड विशेष मानाचे असते. त्यात संतांचे अवशेष शिवलेले असतात आणि त्यावर बिशपची स्वाक्षरी असते.

वापरातील लिननची निगा हाही कामाचाच भाग समजला जातो. कॉर्पोरल आणि प्युरिफिकेटर यांचे पहिले धुवणाचे पाणी सामान्य गटारात न सोडता थेट जमिनीत जिरवतात, मगच ती इतर कपड्यांप्रमाणे धुतात. वेदीचे मोठे कापड घड्या पडू नयेत म्हणून नळकांड्यावर गुंडाळून ठेवतात. दुरुस्तीपलीकडे गेलेले वस्त्र फेकत नाहीत; ते जाळून त्याची राख पुरतात.