नोंदीतील रिकामी चौकट

वाळपईच्या आरोग्य केंद्रातून एखाद्या रुग्णाला बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठवले जाते, तेव्हा तेथील डॉक्टरांना त्याची पहिली ओळख नोंदीतूनच होते. ही नोंद संगणकावर आली म्हणून आपोआप चांगली होत नाही. ती कशी आखली आहे, यावर बरेच अवलंबून असते.

अमेरिकी डॉक्टर लॉरेन्स वीड यांनी 1968 साली असे मांडले की, रुग्णाची नोंद त्याच्या एकेका समस्येभोवती रचावी. रुग्णाचे म्हणणे, तपासणीतील निष्कर्ष, डॉक्टरांचे निदान आणि पुढील उपचार हा त्यांचा क्रम आजही जगभर वापरला जातो. संगणकाला मात्र एवढ्याने पुरत नाही. ‘मधुमेह नाही, वडिलांना होता’ या वाक्यात ‘मधुमेह’ हा शब्द शोधणारा साधा प्रोग्राम या रुग्णालाच मधुमेही ठरवू शकतो. म्हणून आजाराला ठरलेला कोड देतात आणि कौटुंबिक इतिहास वेगळ्या रकान्यात ठेवतात. भारताच्या 2016 च्या आरोग्य नोंद मानकांनी यासाठी स्नोमेड सीटी ही संज्ञावली स्वीकारली आहे. तिच्यात मधुमेहाचा क्रमांक 73211009 आहे.

माझ्या मते सर्वाधिक विचार रिकाम्या चौकटीचा व्हायला हवा. पेनिसिलीनच्या ॲलर्जीपुढे काहीच लिहिलेले नसेल, तर ॲलर्जी नाही, डॉक्टरांनी विचारले नाही आणि रुग्णालाच ठाऊक नाही, असे तीन अर्थ निघतात, आणि पुढचे इंजेक्शन देणाऱ्यासाठी हे तिन्ही अगदी वेगळे आहेत. हे तिन्ही पर्याय स्पष्टपणे निवडता आले पाहिजेत. मात्र ‘नाही’ हे उत्तर आधीच भरून ठेवणे धोक्याचे आहे, कारण घाईच्या ओपीडीत ते तसेच राहून जाते.

तरीही सगळेच चौकटीत कोंबणे चूक ठरेल. आपल्याकडे कोणी ‘चक्कर येते’ म्हणतो, कोणी ‘घेरी’, तर कोंकणीत बोलणारी आजी ‘घुंवळ येता’ म्हणते. खोली गरगर फिरल्यासारखी वाटत असेल तर आतल्या कानाचा विचार करावा लागतो. अंथरुणातून उठताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर रक्तदाबाच्या गोळीचा. यादीतून घाईने ‘चक्कर’ एवढेच निवडले की हा फरक पुसला जातो. म्हणून कोडच्या शेजारी रुग्णाचे शब्द जसेच्या तसे लिहायला मोकळी जागा ठेवावी, आणि आदल्या भेटीतला मजकूर तेथे आपोआप उतरू देऊ नये. झोपून आणि उभे राहून मोजलेल्या रक्तदाबाला मात्र दोन स्वतंत्र, तारखेसह रकाने हवेत, कारण गोळीचा डोस कमी केल्यानंतर पुढच्या भेटीत तुलना याच आकड्यांशी होणार असते.