महाड नगरपालिकेचे दोन ठराव

४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपलाच साडेतीन वर्षांपूर्वीचा एक ठराव रद्द केला. ५ जानेवारी १९२४ च्या त्या ठरावात, गावातले चवदार तळे अस्पृश्यांना वापरू देण्यास नगरपालिकेची हरकत नाही, असे म्हटले होते. आता हरकत होती.

चवदार तळ्याचा सत्याग्रह आणि मनुस्मृतिदहन महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. दरवर्षी २० मार्चला महाडला माणसांचा लोंढा येतो. मात्र या सगळ्याच्या मुळाशी एका छोट्या गावच्या नगरपालिकेचे दोन ठराव आहेत, एक होकाराचा आणि एक माघारीचा, हे सहसा एका वाक्यात उरकले जाते. वास्तविक पुढची दहा वर्षे कोर्टात जे चालले ते या ठरावांना सोडून समजत नाही.

आधी गाव. महाड सावित्रीच्या काठी आहे. बाणकोटच्या खाडीतून भरतीबरोबर गलबते आत येत, दासगावच्या बंदरात माल उतरे, आणि घाटावर जाणाऱ्या-येणाऱ्या मालाची महाडला मोठी बाजारपेठ होती. शिवाय कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातले हे तालुक्याचे ठिकाण, म्हणजे मामलेदार कचेरी इथे आणि दिवाणी कोर्टही इथेच. आसपासच्या खेड्यांतल्या महारांना बाजारहाटासाठी तर यावे लागेच, पण गावकामगार म्हणून सरकारी टपाल आणि वसूल कचेरीत पोचवायलाही त्यांनाच यावे लागे. सरकारी कामाला मैलोन्‌मैल चालत आलेल्या माणसाला सरकारी गावात प्यायला पाणी नव्हते.

बाहेरून आलेल्याला पाणी मिळावे असा गावात एकच सार्वजनिक पाणवठा होता, तो म्हणजे चवदार तळे. चार-पाच एकरांचे हे तळे पावसाच्या पाण्यावर आणि पोटातल्या झऱ्यांवर भरते. ते कोणी खोदले, केव्हा खोदले, याचा पुरावा नाही. कडेने घाट आणि बांध, त्यापलीकडे नगरपालिकेचा रस्ता, रस्त्यापलीकडे सवर्णांची घरे आणि थोडी मुसलमानांची. १८६० च्या दशकात महाडला नगरपालिका झाली तेव्हा सरकारने हे तळे तिच्या ताब्यात दिले. महारवाड्यात एक विहीर होती, पण ती गावाच्या मध्यापासून दूर होती, आणि नगरपालिकेने तिच्याकडे इतके दुर्लक्ष केले होते की ती गाळाने बुजत आली होती, असे डॉ. आंबेडकरांनीच लिहून ठेवले आहे. ही बाब मला तळ्याच्या बंदीइतकीच महत्त्वाची वाटते. तळ्यावरची बंदी रूढीची म्हणून नगरपालिका हात झटकू शकत होती. विहिरीचा गाळ काढू नये असे मात्र कोणत्याही रूढीने सांगितले नव्हते.

अस्पृश्यांचा माणूस स्थानिक सत्तेच्या खुर्चीवर बसणे महाडला अगदीच नवे होते असेही नाही. महाडजवळच्या रावढळचे, सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांची १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली होती. शेजारी बसायचे म्हणून वरिष्ठ जातींच्या सभासदांना ते रुचले नाही. म्हणजे लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावानंतर तेराच वर्षांत प्रश्न महाडमध्येच उभा राहिला होता: हे स्वराज्य नेमके कोणाचे? नगरपालिकेपुरते उत्तर मतदारयादीत होते. मताचा हक्क मालमत्ता आणि कर यांच्याशी बांधलेला होता. खेड्यातून कचेरीत वसूल घेऊन येणारा महार त्या यादीत कुठेच बसत नव्हता आणि तळ्याभोवतीचा घरमालक मात्र हमखास बसत होता.

अशा गावात १९२४ चा होकार आला कसा? तो गावातून उगवला नव्हता, मुंबईहून आला होता. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला: सार्वजनिक पैशाने बांधलेले व राखलेले, किंवा सरकारने नेमलेल्या वा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत. ११ सप्टेंबरला सरकारने खातेप्रमुखांना तसे कळवले आणि आपापल्या हद्दीतल्या स्थानिक संस्थांना याची शिफारस पोचली. चार महिन्यांच्या आत महाडने अनुकूल ठराव केला.

यात काही सभासदांचा मनापासूनचा पाठिंबा होता हे नाकारता येत नाही. महाड नगरपालिकेचे अध्यक्षपद सांभाळलेले सुरेंद्रनाथ टिपणीस, म्हणजे सुरबानाना, हे कायस्थ प्रभू गृहस्थ पुढे उघडपणे आंबेडकरांच्या बाजूने उभे राहिले आणि १९३७ च्या निवडणुकीत त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडूनही आले. तरी ठरावाची भाषा पाहावी. ‘हरकत नाही’ म्हटल्याने कोणावरच काही करण्याची जबाबदारी पडत नाही. तळ्यावर जाणाऱ्याला अडवले तर कोणी संरक्षण द्यायचे, हा प्रश्न त्यात येत नाही. मुंबईचे पत्र आले, त्याला उत्तर गेले, सगळ्यांचा मान राहिला. तीन वर्षे तळ्यावर कोणी फिरकले नाही, म्हणून कोणाचे बिघडलेही नाही.

ही गत एकट्या महाडची नव्हती. म्हणूनच ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोल्यांनी दुसरा ठराव आणला आणि तोही मंजूर झाला: ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे आपल्या हद्दीत पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे. बोल्यांनी नस बरोबर ओळखली होती.

मग १९ आणि २० मार्च १९२७. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडच्या वीरेश्वर थिएटरात भरली. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांनी तिच्यासाठी कितीतरी दिवस खेडोपाडी हिंडून माणसे जोडली होती. परिषदेला आलेल्यांसाठी पाणी विकत घ्यावे लागले, चाळीस रुपयांचे, आणि तेही तळ्याच्या गावात. दुसऱ्या दिवशी समारोपाच्या वेळी आंबेडकरांचे सहकारी अनंतराव चित्रे उभे राहिले आणि म्हणाले की नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीर केलेच आहे, तर आपण सगळ्यांनी आत्ताच तिकडे जावे. आंबेडकर पुढे, मागे रांगेने हजारो माणसे. तळ्यावर जाऊन त्यांनी पाणी घेतले.

इतिहासात याला सत्याग्रह म्हणतात, आणि योग्यच म्हणतात. पण कायद्याच्या नजरेने पाहिले तर त्या दिवशी त्या माणसांनी एकही नियम मोडला नव्हता. नगरपालिकेने जे करायला परवानगी दिली होती तेच त्यांनी केले. ठराव मोडणाऱ्यांची गर्दी नंतर आली. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठली, आणि परतीच्या वाटेवरच्या, जेवायला बसलेल्या लोकांवर लाठ्या चालल्या. पुढे घागरी ओतून आणि पंचगव्य टाकून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. नगरपालिकेच्या मालकीच्या तळ्याचे हे शुद्धीकरण कोणत्या ठरावाने झाले, असे त्या वेळी कोणी विचारायला हवे होते.

आंबेडकरांनी ३ एप्रिल १९२७ पासून ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले आणि महाडच्या प्रकरणाचा त्यातून सविस्तर समाचार घेतला. इकडे गावातल्या स्पृश्य रहिवाशांच्या मागणीवरून नगरपालिकेने ४ ऑगस्टला जुना ठराव मागे घेतला. बोल्यांच्या पहिल्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. हा योगायोग असावा; महाडचे सभासद मुंबईच्या तारखा लक्षात ठेवून वागत असतील असे वाटत नाही.

या माघारीचा अर्थ मात्र नीट लावला पाहिजे. १९२४ चा ठराव तीन वर्षे चालला, कारण तो वापरला गेला नाही. वापरला गेल्यावर पाच महिनेही टिकला नाही. त्यातून तळे कायद्याने बंद झाले असेही नाही, कारण परवानगी काढून घेणे वेगळे आणि बंदी घालणे वेगळे. नगरपालिकेने बंदीचा ठराव केला नाही. बंदीपासून तिला रोखायला अनुदान जाण्याची भीती पुरेशी होती, असा माझा कयास. तिने फक्त आपले अंग काढून घेतले. त्यामुळे वाद अस्पृश्य आणि नगरपालिका यांच्यात न राहता अस्पृश्य आणि तळ्याकाठचे रहिवासी यांच्यात गेला. जी संस्था तळ्याची मालक होती ती कडेला उभी राहिली.

आंबेडकरांनी डिसेंबरमध्ये पुन्हा महाडला परिषद आणि सत्याग्रह जाहीर केला. त्याला उत्तर म्हणून १२ डिसेंबर १९२७ रोजी काही स्पृश्य रहिवाशांनी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावला. तळे आमचे आहे, अस्पृश्यांनी ते न वापरण्याची वहिवाट अनादि काळापासून चालत आली आहे, असे त्यांचे म्हणणे. दोनच दिवसांत, १४ तारखेला, तात्पुरता मनाई हुकूम निघाला.

२४ डिसेंबरला आंबेडकर आणि प्रतिनिधी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले, दासगावला उतरले आणि तिथून पायी महाडला आले. परिषदेला हिंदू मालकाची जागा मिळेना; जमीन फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृती जाळली, तो ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला होता. तळ्यावर जायचे का, यावर परिषदेत मोठी चर्चा झाली. माणसे तुरुंगात जायच्या तयारीने आली होती. कलेक्टर येऊन बोलून गेले. शेवटी आंबेडकरांनी कोर्टाचा हुकूम मानायचे ठरवले. सरकारचे धोरण आपल्या बाजूचे असताना सरकारशीच झुंज घेऊ नये, असा त्यांचा हिशेब होता. मिरवणूक निघाली, तळ्याला वळसा घालून परत आली. पाण्याला कोणी हात लावला नाही.

मनाई हुकूम २३ फेब्रुवारी १९२८ रोजी उठला, दावा चालूच राहिला. ८ जून १९३१ ला महाडच्या कोर्टाने तो फेटाळला. ठाण्याला अपील झाले, ३० जानेवारी १९३३ रोजी तेही गेले. मग मुंबई उच्च न्यायालय. तिथे १७ मार्च १९३७ रोजी न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. एन. जे. वाडिया यांनी शेवटचे अपील फेटाळले. ब्रूमफील्ड हे नाव वाचकांना दुसरीकडून आठवेल. १९२२ साली अहमदाबादला महात्मा गांधींना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा देणारे, आणि १९२८ च्या बारडोली सत्याग्रहानंतर तिथल्या शेतसाऱ्याची चौकशी करणारे अधिकारी तेच.

निकाल वाचताना मन थोडे खट्टू होते हे कबूल केले पाहिजे. अस्पृश्यता अन्यायकारक म्हणून हा दावा हरला नाही. वादींना आपली वहिवाट अनादि असल्याचे सिद्ध करता आले नाही, म्हणून हरला. तळ्याभोवती सवर्णांची घरे उभी राहण्यापूर्वी तिथे कोणी कोणाला पाण्यासाठी अडवत असेल, हे संभवनीय वाटत नाही, असे न्यायमूर्तींनी म्हटले. वहिवाट सिद्ध झाली असती तर ती अवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे का, हा प्रश्न विचारात घ्यावा लागला असता. तशी वेळच आली नाही, म्हणून त्याचे उत्तरही मिळाले नाही.

आणि या सगळ्यात तळ्याच्या मालकीचा मुद्दा वादींना कुठेच सावरता आला नाही. तळे खाजगी नाही, ते सरकारकडून नगरपालिकेकडे आलेले आहे, हे खालच्या कोर्टापासून ठरत गेले. ज्या नगरपालिकेने दबाव येताच आपला ठराव गिळला, तिची मालकीच शेवटी दावेदारांच्या आड आली. तिने ठराव कायम ठेवून कोर्टात ‘तळे आमचे आणि परवानगी आम्ही दिली आहे’ असे ठामपणे सांगितले असते, तर दहा वर्षे लागली असती का, हा विचार डोक्यात येतोच.

या खटल्याचा निकाल एका तळ्यापुरता होता. शेजारच्या गावातली विहीर त्याने खुली होत नव्हती; तिथे वहिवाटीचा वाद पुन्हा पहिल्यापासून घालता आला असता. ती वाट बंद झाली राज्यघटनेने. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांचा नाव घेऊन उल्लेख आहे, आणि ते पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशाने राखलेले किंवा सर्वसाधारण जनतेच्या उपयोगासाठी दिलेले असतील तर जातीच्या कारणावरून कोणालाही अडवता येणार नाही, असे म्हटले आहे. सार्वजनिक पैशाने राखलेले, ही कसोटी बोल्यांच्या १९२३ च्या ठरावातही होती. फरक इतकाच की तो ठराव म्हणजे नगरपालिकांना केलेली शिफारस होती, आणि १५(२) मध्ये नगरपालिकेची हरकत आहे की नाही, हे कोणी विचारलेले नाही.