प्रचक्रचालित लाकूडफोडणी यंत्र

प्रचक्रचालित लाकूडफोडणी यंत्र : जड फिरत्या चाकांत साठवलेली गतिज ऊर्जा एकाच फटक्यात दट्ट्याकडे वळवून, त्याच्या जोराने ओंडका स्थिर पाचरीवर रेटणारे व जळणासाठी लाकूड फोडणारे यंत्र. पाचर दट्ट्यावर आणि अडणी समोर, अशी उलटी रचनाही आढळते. त्यात तेलाचा दाब नसतो, पंप नसतो, नळ्या नसतात. मुंबईत वखारीतले लाकूड अजून बहुतांशी कुऱ्हाड, पाचर आणि घण यांनीच फुटते.

संज्ञा : ज्याला कारखान्यात सगळे फ्लायव्हील म्हणतात त्याला पारिभाषिक मराठीत प्रचक्र हा शब्द आहे. तो वापरात रुळला नाही. शेतकरी मात्र त्याला नावाशिवायही ओळखतो : हाताने फिरवायच्या कडबाकुट्टीचे जड चाक हे प्रचक्रच होय. ‘वखार’ हा शब्दही येथे लक्षात घेण्याजोगा. सतराव्या शतकात सुरतेची इंग्रजांची वखार म्हणजे व्यापारी कोठी होती. मुंबईच्या आजच्या बोलीत वखार म्हटले की प्रथम लाकडाचीच डोळ्यांपुढे येते. रे रोडजवळच्या लकडी बंदराचे नाव याच व्यापाराची खूण आहे.

प्रचक्राचा उगम : या मुद्द्यावर एकमत नाही. तंत्रज्ञानाचे इतिहासकार लिन व्हाइट यांनी बाराव्या शतकाच्या आसपासच्या थिओफिलस या जर्मन कारागीर-भिक्षूच्या लेखनात प्रचक्राचा स्पष्ट उल्लेख दाखवला. दुसरे इतिहासकार अहमद अल्-हसन यांनी हा मान अकराव्या शतकातील अंदलुसी, म्हणजे मुस्लिम अमलाखालील स्पेनमधला, कृषितज्ज्ञ इब्न बस्साल याच्या पाणी उपसण्याच्या रहाटाला दिला. इंग्रजी पाठ्यपुस्तके बहुधा जेम्स वॉटपासूनच सुरुवात करतात : जेम्स पिकार्डने १७८० मध्ये भुजादंडाचे (क्रँकचे) एकस्व, म्हणजे पेटंट, घेतल्यावर वॉटने १७८१ मध्ये ग्रहमालेसारखी दंतचक्रांची जोडणी वापरली आणि तिच्यासोबत जड चाक लावले.

या मतांत दोन वेगवेगळ्या गोष्टींची गल्लत होते, असे दिसते. वाफेच्या एंजिनावरील चाक गती एकसारखी राहावी म्हणून असते. दुसऱ्या प्रकारचे चाक ऊर्जा सावकाश साठवते आणि गरज पडताच झटकन देते. कुंभाराचे चाक या दुसऱ्या जातीचे : दांड्याने जोरात फिरवायचे, दांडा बाजूला ठेवायचा आणि मग चाक आपसूक फिरत असताना मडके घडवायचे. धारावीच्या कुंभारवाड्यात आता विजेची चाके आली असली तरी तत्त्व तेच आहे. या जातीचे पुढचे वंशज म्हणजे फटक्याने पत्रा कापणारी व दाबणारी यंत्रे, फ्लाय प्रेस आणि पॉवर प्रेस. लाकूडफोडणी यंत्राचे नाते याच शाखेशी जोडणे अधिक योग्य ठरेल. साकीनाका-कुर्ल्याच्या गाळ्यात पॉवर प्रेस चालवलेल्या कामगाराला हे यंत्र समजावून सांगावे लागत नाही. प्रेस आडवी केली आहे इतकेच तो म्हणेल, आणि त्यात फारसे चूक नाही.

लाकडासाठी या तत्त्वाचा दात्यांच्या पट्टीसह वापर अमेरिकेत साधारण १९७० च्या दशकात रूढ झाला असावा. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तिथल्या थंड ईशान्य भागात लाकडी शेगड्या पुन्हा वापरात आल्या. त्या मागणीशी याचा संबंध जोडला जातो व तो पटण्याजोगा आहे. ‘सुपर स्प्लिट’ हे या प्रकारातले जुने नाव, ‘डीआर रॅपिडफायर’ नंतरचे. चाकालाच पाचर बसवून ओंडका हाताने पुढे करायची घरगुती यंत्रेही होऊन गेली. ती इतकी धोकादायक होती की त्यांना या वर्गात न धरणेच बरे.

रचना : एंजिन किंवा विद्युत मोटर पट्ट्याने एक अथवा दोन जड चाके फिरवते. चाकांच्या आसावर एक लहान दंतचक्र, म्हणजे पिनियन, कायम फिरत असते. दट्ट्याला दात्यांची सरळ पट्टी जोडलेली असते. एरवी ती पिनियनपासून किंचित दूर असते. तरफ ओढली की एक रोलर या पट्टीला पिनियनवर दाबतो, दाते अडकतात आणि दट्ट्या पुढे झेपावतो. फेरी संपताच पट्टी सुटते व स्प्रिंग दट्ट्याला मागे ओढते. पुढे-मागे मिळून एक फेरी दोन-तीन सेकंदांत पुरी होते. द्रवचालित, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, यंत्राला त्याच कामाला साधारण दहा ते वीस सेकंद लागतात.

ऊर्जेचा हिशेब : विक्रेते या यंत्रांची ताकद ‘टनां’त सांगतात आणि ग्राहकही तीच विचारतो. प्रश्नच चुकीचा आहे. प्रचक्रातील ऊर्जा ही जडत्व परिबल (चाकाचे वजन आसापासून किती दूर पसरले आहे याचे माप) आणि कोनीय वेगाचा (फिरण्याच्या वेगाचा) वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. उदाहरणादाखल ३५ किग्रॅ. वजनाची व ५० सेंमी. व्यासाची दोन भरीव चाके घेऊ. ती मिनिटाला ३०० फेरे घेत असतील तर त्यांत सुमारे १,०८० जूल ऊर्जा असते. फटक्यात वेग २०० फेऱ्यांवर उतरला तर त्यातली सुमारे ६०० जूल खर्च झाली. ताकदवान माणसाच्या कुऱ्हाडीच्या एका घावात १५० ते २०० जूल धरले, तर यंत्राचा एक फटका म्हणजे तीन-चार घाव एकत्र.

आता हे ६०० जूल किती अंतरात खर्च होतात यावर बल ठरते. ओंडका ५ सेंमी. अंतरात उलगडला तर सरासरी बल जेमतेम सव्वा टन. गाठ आडवी येऊन १ सेंमी.मध्येच फटका थांबला तर सहा टन, आणि ५ मिमी.मध्ये थांबला तर बारा. म्हणजे टनांचा आकडा यंत्राइतकाच लाकडाचाही असतो. जितके लाकूड हट्टी तितका तो मोठा दिसतो, आणि तितकाच तो दात्यांवरही उलटतो.

द्रवचालित यंत्रात असे होत नाही. १०० मिमी. व्यासाच्या सिलिंडरात २०० बार दाब असेल तर दट्ट्यावर सुमारे १६ टन बल मिळते. ते पहिल्या मिलिमीटरला जेवढे तेवढेच शेवटच्यालाही. परंतु तेवढे बल सेकंदाला ४ सेंमी. वेगाने पुढे न्यायचे तर आठ-साडेआठ अश्वशक्ती लागते. म्हणून त्या यंत्रांत दोन टप्प्यांचा पंप बसवतात : हलक्या ओझ्याला जलद, जडाला सावकाश. प्रचक्राला ही अडचण येत नाही. वरच्या उदाहरणात गेलेले ६०० जूल एक अश्वशक्तीची मोटर तात्त्विकदृष्ट्या ०·८ सेकंदात भरून काढते. घर्षण धरले तरी पुढचा ओंडका मांडेपर्यंत चाके पुन्हा तयार असतात.

ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते म्हणून पुली बदलून वेग वाढवण्याचा मोह होतो. ३०० चे ३३० फेरे केले की २१ टक्के ऊर्जा जास्त मिळते. वरच्या चाकाच्या कडेचा वेग सेकंदाला जेमतेम ८ मी. आहे, आणि बिडाच्या चाकासाठी रूढ मर्यादा ३० मी.च्या आसपास मानतात. त्यामुळे चाक फुटण्याची भीती इथे नाही. पण दारूखान्याच्या किंवा कुर्ल्याच्या भंगारातून जुने चाक आणून यंत्र जोडायचे असेल तर ही मर्यादा कामाची नाही, कारण ती अखंड बिडासाठी आहे. चाक टांगून हातोडीने वाजवून पाहावे. तडा असलेले चाक बद्द वाजते.

तुलना : सरळ तंतूंच्या, वाळलेल्या, मध्यम जाडीच्या ओंडक्यांना प्रचक्र यंत्रासारखे दुसरे साधन नाही. सुरू, बाभूळ, सुबाभूळ यांचे सरळ तुकडे त्यावर भराभर फुटतात. विलायती शिरीष, म्हणजे रस्त्याकडेचा पर्जन्यवृक्ष, मात्र एकमेकांत गुंतलेल्या तंतूंचा. त्यात पाचर रुतते आणि दट्ट्या परततो. पुन्हा फटका मारायचा, पुन्हा. चिंच त्याहून वाईट. खाटकाच्या ठोकळ्याला चिंच निवडतात ती न फुटण्यासाठीच. अशा लाकडाला द्रवचालित यंत्र दाबून धरते, थांबते आणि शेवटी फाडते. प्रचक्राकडे थांबून दाबणे नाही. तिसरा प्रकार शंकूच्या आकाराच्या स्क्रूचा. तो ओंडक्यात घुसत जाऊन त्याला उकलतो, पण ओंडका फिरू लागला किंवा बाही अडकली तर सुटका अवघड. युरोपीय मानक ईएन ६०९ ने पाचरीची यंत्रे पहिल्या भागात आणि स्क्रूची दुसऱ्या भागात वेगळी धरली, ती योग्यच.

देखभाल : द्रवचालित यंत्र घेणाऱ्याच्या मागे तेल, सील आणि होजपाइप लागतात, प्रचक्र घेणाऱ्याच्या मागे दाते, बेअरिंग आणि पट्टा. पैकी दात्यांचे दुखणे सर्वांत महाग. पट्टी व पिनियन ई एन २४ सारख्या मिश्र पोलादाचे व कडक केलेले असावेत. ई एन ८ या साध्या पोलादाचे दाते स्वस्त पडतात आणि गाठाळ लाकडावर लवकर गोल होतात. तरफ अर्धवट ओढली तर दात्यांची टोकेच एकमेकांवर घासतात. बहुतेक मोडतोड इथूनच सुरू होते आणि तिचे कारण यंत्र नसते, संकोची हात असतो. तरफ ओढायची तर पूर्ण.

बेअरिंगला ग्रीस हवे, पण दट्ट्या ज्या तुळईवर सरकतो तिला नको. तिथे ग्रीस लावले की भुसा चिकटून लगदा होतो. कोरडे ग्रॅफाइट बरे. स्प्रिंग सैल झाली की दट्ट्या पुरता मागे येत नाही आणि पट्टी पिनियनला टेकू लागते. किरकिर ऐकू येताच यंत्र बंद करावे. पट्टा ताणलेला हवा, पण फार नव्हे. ओंडका अडून चाके थांबतात तेव्हा घसरणारा पट्टा ही शेवटची सुरक्षा असते. घसरल्यावर जळक्या रबराचा वास येतो आणि तोवर मोटर वाचलेली असते. व्ही-पट्टे व बेअरिंग नागदेवी स्ट्रीटवर मापाने मिळतात, त्यासाठी मूळ कंपनीची वाट पाहावी लागत नाही. दात्यांची पट्टी मात्र मिलिंगवर करून घ्यावी लागते.

मुंबईत खरा शत्रू पाऊस. सांताक्रुझला वर्षाला सरासरी २,३०० मिमी.च्या आसपास पडणारा पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत येतो, आणि वखारीचे छप्पर बहुधा पत्र्याचे, बाजू उघड्या. ओल्या पट्ट्याची पकड जाते, खाऱ्या हवेने दाते गंजतात आणि गंजलेला दाता कडक असला तरी लवकर झिजतो. पावसाळ्याआधी पट्टीला तेलाचा हात द्यावा, पट्टा उतरवून ठेवावा.

विजेवर चालवायचे तर सुरुवातीचा प्रवाह ही अडचण. थांबलेली जड चाके वेग घेईपर्यंत मोटर कित्येक सेकंद भरपूर प्रवाह ओढते आणि घरगुती एमसीबी, म्हणजे जादा प्रवाहाला आपोआप तुटणारा खटका, पडतो. कपॅसिटर-स्टार्ट मोटर व सुरुवातीचा जोराचा प्रवाह सोसणारा ‘सी’ प्रकारचा एमसीबी लावल्यास हा प्रश्न बहुधा उरत नाही.

सुरक्षितता : स्विच बंद केल्यावरही चाके बराच वेळ फिरत राहतात, आणि तरफ तेव्हाही काम करते. बंद यंत्रात अडकलेली ढलपी काढायला हात घालणे हा म्हणून सर्वांत धोक्याचा क्षण. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ ने मूळ चालकाला, म्हणजे एंजिन वा मोटरीला, जोडलेल्या प्रत्येक प्रचक्राला कुंपण सक्तीचे केले; वखारीसारख्या जागेत असे कुंपण क्वचितच दिसते. एकाने ओंडका मांडायचा आणि दुसऱ्याने तरफ ओढायची, ही कुऱ्हाडीच्या कामातली जोडी या यंत्रावर आणू नये. मांडणाऱ्याचे बोट कुठे आहे हे ओढणाऱ्याला दिसत नाही.

मुंबईतील वापर : शहरात जळाऊ लाकूड लागते ते मुख्यतः पावाच्या भट्ट्यांना आणि चितांना, चाळींतल्या तांब्याच्या बंबांना ढलप्या लागत त्या आता जवळजवळ संपल्या. मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ च्या आदेशात लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. भट्टीचे लाकूड बरेचसे पाडकामाचे व जुन्या फर्निचरचे असते. त्यात खिळे असतात, आणि खिळा या यंत्राच्या पाचरीला मानवत नाही.

एका चितेला साधारण ३०० किग्रॅ. लाकूड धरतात. वखारीच्या बोलीत ते आठ मण होते, पण हा मण ३७·३ किग्रॅ.चा, मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, म्हणजे १२·७ किग्रॅ.चा होता, आणि गुजराती व्यापारी आज २० किग्रॅ.चा धरतो. जुन्या हिशेबवह्या वाचताना हा फरक न पाहिल्यास लाकडाचा खप तिपटीने चुकतो. महानगरपालिकेने २०२२ पासून काही स्मशानभूमींत शेतकचऱ्याच्या विटांचा वापर पुढे आणला.

१७ मे २०२१ च्या तौक्ते वादळात पडलेल्या झाडांसारखे लाकूड शहरात एकदम येते तेव्हा या यंत्राची आठवण होणे स्वाभाविक आहे. पण बहुतेक यंत्रांत ६० सेंमी.पेक्षा फार लांब ओंडका बसत नाही. चितेच्या तळाला लागणारी लांब लाकडे त्यावर मांडताच येत नाहीत. वरच्या थरातल्या ढलप्याच तेवढ्या त्यावर निघतात.