भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने गणितातलं काय निवडावं?

आल्बर्ट आइनस्टाइनने वयाच्या ६७व्या वर्षी आपल्या वैचारिक वाटचालीविषयी लिहिलं, तेव्हा विद्यार्थिदशेतली एक अडचण मोकळेपणाने सांगितली. गणिताच्या शाखा इतक्या, की कोणत्याही एकीत उभं आयुष्य खपावं. आणि त्यांतली मूलभूत कोणती हे ओळखण्याइतकी त्याची नजर तेव्हा तयार नव्हती. झुरिचच्या पॉलिटेक्निकमध्ये हुर्विट्झ आणि मिंकोव्स्की यांसारखे गणितज्ञ शिकवायला असूनही त्याने गणिताकडे फारसं लक्ष दिलं नाही. पुढे १९१२मध्ये गुरुत्वाकर्षणासाठी वक्र अवकाशाचं गणित हवं झालं, तेव्हा वर्गमित्र मार्सेल ग्रॉसमनची मदत घ्यावी लागली. ते गणित तयारच होतं. रीमानने १८५४मध्ये त्याचा पाया घातला होता, रिची आणि लेव्ही-चिविता यांनी १९००च्या सुमारास आकडेमोडीची पद्धत बसवून दिली होती. तरी जनरल रिलेटिव्हिटीची, म्हणजे त्याच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताची, अंतिम समीकरणं हाती यायला नोव्हेंबर १९१५ उजाडला.

एम.एस्सी. फिजिक्सला असताना गणित विभागातला एखादा पेपर निवडायची मुभा मिळाली, की हाच पेच समोर येतो. ग्रुप थिअरी (सममितीचं गणित), टोपॉलॉजी (आकार ताणला-वाकवला तरी न बदलणाऱ्या गुणांचं), फंक्शनल अ‍ॅनालिसिस, डिफरन्शियल जॉमेट्री (वक्र अवकाशाचं). आणि घेता येणार एकच. ‘लागेल तेव्हा शिकू’ असं सीनिअर सांगतात. ते अर्धंच खरं आहे. गणित मागाहून शिकता येतं. पण आपल्याला नेमकं तेच लागतंय, हे कळण्यापुरती ओळख आधी असावी लागते.

ती नसली की काय होतं, ते भौतिकशास्त्रज्ञ मरे गेल-मानच्या बाबतीत दिसलं. १९६०च्या सुमारास तो मूलकणांच्या गर्दीत काही शिस्त सापडते का ते बघत होता. हवी तशी बीजगणितीय रचना मिळावी म्हणून तीन मिती, चार, पाच असं करत सातापर्यंत स्वतःच्या हाताने पडताळून झालं, पण काही जमेना. मग कॅलटेकमधल्याच रिचर्ड ब्लॉक या गणितज्ञाकडून कळलं, की अशा रचनांचं वर्गीकरण एली कार्ताँने १८९४मध्येच केलेलं आहे. त्यातली आठ मितींची एसयू-३ ही सममितीची रचना चपखल बसली. त्या मांडणीत दहा कणांचं एक कुटुंब निघतं. त्यातले नऊ ठाऊक होते. दहावा, ओमेगा-मायनस, १९६४मध्ये ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत सापडला.

म्हणून एकच विषय घ्यायचा असेल तर माझा कौल ग्रुप थिअरीला. मूलकण सोडा, साधा कार्बन डायऑक्साइड घ्या. त्याचा रेणू सरळ रेषेत असतो, मधे कार्बन आणि दोन बाजूंना ऑक्सिजन. दोन्ही ऑक्सिजन एकदम बाहेर जातात आणि एकदम आत येतात, ते कंपन रामन वर्णपटात (विखुरलेल्या प्रकाशात) दिसतं, इन्फ्रारेडमध्ये (शोषलेल्या प्रकाशात) दिसत नाही. एक ऑक्सिजन कार्बनजवळ येताना दुसरा लांब जातो, त्या कंपनाचं नेमकं उलट. रेणूला सममितीचं केंद्र असलं, की एकच कंपन दोन्हीकडे दिसूच शकत नाही. हे सांगायला श्रोडिंगरचं समीकरण सोडवावं लागत नाही, बंधांची ताकदही माहीत असावी लागत नाही. सममिती पुरते. स्फटिकांच्या रचनेत सममितीचे २३०च प्रकार संभवतात, हे फेदोरोव्ह आणि शॉनफ्लीस यांनी १८९१पर्यंत दाखवून दिलं होतं, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्याही आधी. मला तर यासारखा आनंद भौतिकशास्त्रात क्वचितच मिळतो.

मात्र पेपरच्या नावावर जाऊ नका. गणित विभागातल्या अल्जेब्राचा बराचसा वेळ सिलोची प्रमेयं, रिंग आणि फील्ड यांत जातो. वरचं सगळं ज्यातून येतं ती, सममिती मॅट्रिक्समध्ये मांडणारी रिप्रेझेंटेशन थिअरी त्यात असेलच असं नाही. सिलॅबसमध्ये रिप्रेझेंटेशन, कॅरेक्टर टेबल, ली ग्रुप हे शब्द दिसले नाहीत, तर फिजिक्स विभागाचाच पेपर बरा.

टोपॉलॉजीत निराशा जास्त पदरी पडते. २०१६चं नोबेल थाउलेस, हाल्डेन आणि कोस्टरलिट्झ यांना टोपॉलॉजीच्या वापरासाठी मिळालं, म्हणून विद्यार्थी तिकडे ओढले जातात. क्वांटम हॉल परिणामात (अतिथंड पातळ थर जोरदार चुंबकीय क्षेत्रात ठेवला असता) वाहकता पूर्णांकांच्याच पटीत का येते, नमुन्यातल्या अशुद्धींनी ती का ढळत नाही, याचं उत्तर खरोखरच तिथे आहे. पण पहिल्या पेपरात ओपन सेट, कॉम्पॅक्टनेस, कनेक्टेडनेस एवढंच होतं. चेर्न संख्येपर्यंत, म्हणजे वरच्या त्या पूर्णांकापर्यंत, पोचायला पुढचे पेपर लागतात. डिफरन्शियल जॉमेट्रीची तितकी घाई नको. जनरल रिलेटिव्हिटीचे शिक्षक लागेल तेवढी भूमिती वर्गातच शिकवतात.

फंक्शनल अ‍ॅनालिसिस कशासाठी, हे एका छोट्या युक्तिवादाने कळतं. क्वांटम यांत्रिकीत स्थान आणि संवेग यांच्या गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलतं, आणि दोन उत्तरांतला फरक म्हणजे एका ठरावीक, शून्य नसलेल्या संख्येने गुणलेला एकक मॅट्रिक्स. आता कोणतेही दोन सान्त चौरस मॅट्रिक्स घ्या. त्यांचा गुणाकार कोणत्याही क्रमाने केला तरी कर्णावरच्या संख्यांची बेरीज सारखीच येते, म्हणजे फरकाच्या कर्णाची बेरीज शून्य. एकक मॅट्रिक्सच्या कर्णाची बेरीज मात्र शून्य नसते. तेव्हा सान्त मॅट्रिक्सने काम भागत नाही, अनंत मितींत जावंच लागतं. आणि तिथे सान्त मितींतले नियम जसेच्या तसे चालतात असं धरता येत नाही. क्वांटम यांत्रिकीच्या गणिती पायावर काम करायचं असेल तर हा विषय घ्यावा. इतरांनी आधी लिनिअर अल्जेब्रा सिद्धतांसकट पक्का करावा, त्याचा उपयोग रोज होतो.

प्रयोगाकडे ओढा असलेल्यांना मात्र मी यातलं काहीच सुचवणार नाही. त्यांनी संख्याशास्त्र घ्यावं. १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगो या अमेरिकेतल्या वेधशाळेने पहिली गुरुत्वीय लहर पकडली, तेव्हा चार किलोमीटरच्या बाहूच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी होता. असा संकेत गोंगाटातून वेगळा काढायचा आणि तो खरा असल्याची खात्री किती, हे आकड्यात सांगायचं, हे संभाव्यतेचं काम आहे. लायगो-इंडियाची वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारली जाणार आहे. तिथे काम करण्याची इच्छा असेल तर टाइम सिरीज आणि बेजियन पद्धती शिकवणारा पेपर शोधावा, मग त्यासाठी रोज संख्याशास्त्र विभागात जाऊन बसावं लागलं तरी चालेल.