मजुरीसाठी गाव सोडलेल्या कुटुंबांची वंशावळ आणि जातीच्या प्रमाणपत्राचा अर्ज

विदर्भातील अनेक कुटुंबांचे आजोबा किंवा पणजोबा मजुरीसाठी गाव सोडून बल्लारपूर, वणी, उमरेड भागातील कोळसा खाणींत, मनसर-कांद्रीच्या मँगनीज खाणींत किंवा नागपूर-हिंगणघाटच्या कापड गिरण्यांत गेले आणि तिथेच स्थायिक झाले. नातवंडांच्या प्रवेशासाठी किंवा नोकरीसाठी जातीचे प्रमाणपत्र लागते, तेव्हा सध्याच्या राहत्या गावचे सगळे कागद हाताशी असतात. मात्र प्रमाणपत्रासाठी विचारले जाते ते मूळ गाव. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागास वर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 हे मानीव दिनांक, म्हणजे वास्तव्य तपासण्यासाठी ठरवलेल्या तारखा, आहेत. त्या दिवशी अर्जदाराचे पूर्वज जिथे सर्वसाधारणपणे राहत होते, ते गाव आज ज्या उपविभागात मोडते, तेथील उपविभागीय अधिकारी हे प्रमाणपत्र देण्यास सक्षम असतात. त्यामुळे कुटुंब त्या दिनांकानंतर आले असेल, तर सध्याच्या तालुक्यात कितीही वर्षे वास्तव्य झालेले असले तरी तेवढ्यावर काम भागत नाही.

म्हणून पहिले काम अर्ज भरण्याचे नाही, मूळ गाव निश्चित करण्याचे आहे. घरातील वयोवृद्धांकडून वडील, आजोबा, पणजोबा, त्यांचे भाऊ आणि गाव सोडल्याचे अंदाजे वर्ष लिहून घ्यावे. गावाचे नाव कोणालाच आठवत नसेल, तर नोकरीचे कागद कामी येतात. खाण कायद्यानुसार ठेवल्या जाणाऱ्या ‘फॉर्म बी’ रजिस्टरात कामगाराच्या वडिलांचे नाव आणि कायमचा पत्ता नोंदवलेला असतो. भविष्य निर्वाह निधीचे नामनिर्देशन आणि सेवापुस्तक यांतूनही धागा सापडतो. भाटाची वही किंवा तीर्थक्षेत्रीच्या पंड्याकडील नामावळी केवळ दिशा दाखवते. मुख्य पुरावा म्हणून तिच्यावर विसंबू नये.

गाव कळल्यानंतर तेथील तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करावा. भूमिहीन मजुराच्या नावावर सातबारा नसतो, आणि बहुतेक जण इथेच हात टेकतात. वास्तविक त्यांच्यासाठी सर्वांत मोलाचा कागद कोतवाल बुकाची नक्कल हा आहे, कारण गावातील जन्म-मृत्यूच्या या नोंदी शेती असो वा नसो, प्रत्येक घराच्या होत असत आणि त्यांत बहुधा जातही लिहिली जाई. त्याखालोखाल प्राथमिक शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरातील आजोबांची किंवा चुलत आजोबांची नोंद महत्त्वाची ठरते. जमीन असलेल्यांनी नागपूर विभागात 1954-55 चा अधिकार अभिलेख (जमिनीवरील हक्कांची नोंद) आणि बंदोबस्त मिसल (जुन्या जमीन महसूल आकारणीचे दप्तर) पाहावी. जुन्या नोंदींत आडनाव क्वचितच असते. नाव आणि ‘वल्द’ म्हणून वडिलांचे नाव एवढेच आढळते. म्हणून अर्जात गाव, अंदाजे वर्षांचा पल्ला, नाव आणि वडिलांचे नाव द्यावे, आणि ठाऊक असल्यास पटवारी हलका (तलाठ्याचे कार्यक्षेत्र) व खसरा (जमिनीच्या तुकड्याचा) क्रमांकही लिहावा. नोंद मोडी लिपीत असेल, तर मूळ नकलेसोबत जाणकाराने केलेले लिप्यंतर जोडावे.

गाव आज ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात त्याचे जुने दप्तर असेलच असे नाही. गडचिरोली 1982 मध्ये चंद्रपूरमधून, वाशीम 1998 मध्ये अकोल्यातून आणि गोंदिया 1999 मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला. तालुक्याच्या ठिकाणी नोंद मिळाली नाही, तर मूळ जिल्ह्याच्या अभिलेख कक्षातही अर्ज करावा. शोधूनही अभिलेख सापडला नाही, तर तसे लेखी पत्र मागून घ्यावे. तोंडी नकार पुढे उपयोगाचा नसतो. लेखी उत्तर मिळत नसल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 अन्वये 10 रुपये शुल्क भरून माहिती मागता येते. त्यावर सर्वसाधारणपणे 30 दिवसांत उत्तर अपेक्षित असते.

एवढे जमल्यानंतर वंशावळ शपथपत्रावर मांडावी. ती पितृवंशाची असते आणि अर्जदारापासून जुन्या नोंदीतील पूर्वजापर्यंत प्रत्येक पिढी दुसऱ्या पिढीशी कागदाने जोडलेली असावी लागते. अर्जदाराच्या दाखल्यात वडिलांचे नाव, वडिलांच्या दाखल्यात आजोबांचे नाव, आणि आजोबांच्या नोंदीत जात व गाव, अशी ती साखळी आहे. एखादी कडी शपथपत्रात लिहिलेली आहे, पण कागदात नाही, अशा ठिकाणी हरकत निघते. विवाहित स्त्रीने माहेरचे पुरावे द्यावेत आणि नावातील बदलासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्र जोडावे. जातीच्या प्रमाणपत्रासाठी करावयाच्या शपथपत्रावरील मुद्रांक शुल्क शासनाने माफ केलेले आहे, तरीही मुद्रांक कागदाचा आग्रह धरणारे कमी नाहीत.

दोन बाबतींत नोंदी वाचताना विशेष काळजी घ्यावी. बौद्ध कुटुंबांच्या 1956 नंतरच्या दाखल्यांवर अनेकदा केवळ ‘बौद्ध’ लिहिलेले असते, त्यामुळे मूळ अनुसूचित जातीची त्यापूर्वीची नोंद शोधणे गरजेचे ठरते. आदिवासी कुटुंबांच्या बाबतीत, अनुसूचित जाती-जमातींच्या याद्यांबाबतच्या 1976 च्या दुरुस्ती अधिनियमापूर्वी विदर्भातील अनुसूचित जमातींची मान्यता मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी आणि यवतमाळ या तालुक्यांपुरती होती. म्हणून या क्षेत्राबाहेर राहणाऱ्या आजोबांकडे त्या काळचे जमातीचे प्रमाणपत्र नसले, तर त्यावरून दावाच खोटा ठरत नाही.

अर्ज आपले सरकार सेवा केंद्रातून किंवा पोर्टलवरून करता येतो. ओळखीचा व रहिवासाचा पुरावा, अर्जदाराचा व वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, मानीव दिनांकापूर्वीची जात व वास्तव्य दाखवणारी नोंद, वंशावळ आणि पितृवंशातील रक्ताच्या नातेवाइकाचे जात पडताळणी समितीने दिलेले वैधता प्रमाणपत्र असल्यास त्याची प्रत जोडावी. अज्ञान मुलासाठी पालक अर्ज करतात. कुटुंब मानीव दिनांकानंतर छत्तीसगड, मध्य प्रदेश किंवा तेलंगणातून आले असेल, तर मूळ राज्यातील प्रमाणपत्रावरून येथे प्रमाणपत्र मिळू शकते, परंतु महाराष्ट्र शासनाच्या आरक्षणाचा लाभ त्यावर मिळत नाही.

दावा सिद्ध करण्याची जबाबदारी, जातीचे प्रमाणपत्र देणे व त्याची पडताळणी यासंबंधीच्या 2001 च्या महाराष्ट्र अधिनियम क्रमांक 23 मधील कलम 8 नुसार, अर्जदारावरच असते. अर्ज नामंजूर झाल्यास कारणांसह लेखी आदेश मागावा आणि तो मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत, कलम 5 अन्वये, अपील दाखल करावे. अभिलेख कक्षातून आणलेल्या नकला व ‘उपलब्ध नाही’ अशी पत्रे त्या अपिलासोबत जोडता येतात.