बेळगाव छावणी, महायुद्ध आणि उशिरा उघडलेली भरती

बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या पट्ट्यात लढाईची आठवण निघाली की ती बहुधा १९७१ पासूनच सुरू होते. जमालपूरचा वेढा, टांगाईलची पॅराशूट उडी, ढाक्याची शरणागती. टांगाईलला उतरलेली पॅरा पलटण मूळची मराठ्यांचीच तिसरी पलटण. पुंगली पुलापाशी तिला येऊन मिळाली ती जंगी पलटण, म्हणजे मराठ्यांची पहिली पलटण. हे इथल्या माजी सैनिकांना तोंडपाठ आहे. त्यानंतर सियाचीन, कारगिल, काश्मीर. दोन्ही महायुद्धं मात्र मागे सरकली, कारण ती लढलेली माणसं आता राहिली नाहीत.

जे उरलं आहे ते मुख्यतः छावणीने जपलेलं. १९२२ पासून मराठा पलटणींचं प्रशिक्षण केंद्र बेळगावात आहे. त्यामुळे पहिल्या महायुद्धातली शरकतची लढाई, १९४१ मधलं एरिट्रियातलं केरेन आणि ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही तिथली गर्जना, इटलीतले दोन व्हिक्टोरिया क्रॉस हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या रंगरूटांना सांगितलं जातं. पराक्रमाचं पाठांतर झालं. पराभवांचं तसं झालं नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमाराला १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर इंग्रजी फौज तुर्कांना शरण गेली, तीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. रसद संपत आली तेव्हा घोड्याचं मांस खायचं की नाही यावर हिंदी शिपाई आठवडेच्या आठवडे अडून राहिले. पुढे कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, त्यात कित्येक वाटेतच गेले. बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली; साध्या हिंदी शिपायांची पलटणवार नुसती संख्या लिहिली. या भेदभावाबद्दल माफी मागितली गेली ती २०२१ मध्ये. इकडे मुंबई इलाख्यातल्या भरतीच्या गावांत चावडीच्या भिंतीवर संगमरवरी पाट्या बसल्या. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले, एवढाच इंग्रजी मजकूर. नाव तिथेही नाही.

पण या भागाची आठवण एकांगी का झाली, याचं मूळ रणांगणावर नाही. ते भरतीच्या एका निर्णयात आहे.

मुंबई लष्करात महार शिपाई कंपनी सरकारच्या काळापासून होते. भीमा-कोरेगावच्या स्तंभावर ‘नाक’ने संपणारी महारांची नावं आजही वाचता येतात. पलटणीत गेलेल्या माणसाचं येसकरकीतून, म्हणजे गावच्या वंशपरंपरागत राखणीच्या आणि सांगकाम्याच्या चाकरीतून, सुटणं, त्याच्या मुलांना छावणीच्या शाळेत अक्षरओळख होणं, म्हातारपणी पेन्शन मिळणं या तीन गोष्टींनी कुटुंबंच्या कुटुंबं वर आली. बाबासाहेबांचं घर त्यांतलंच, वडील सुभेदार. १८९२-९३ च्या सुमारास ही भरती बंद झाली. कारण दिलं गेलं ते ‘लढवय्या जाती’ या सिद्धान्ताचं, म्हणजे ठरावीक जातीच जन्मतः लढाऊ असतात या समजाचं. दुसरं कारण व्यवस्थेचं: पलटणी आणि कंपन्या जातवार बांधायच्या ठरल्या आणि महार सुभेदाराला सलाम ठोकायला इतर जातींचे शिपाई तयार होणार नाहीत, असं गृहीत धरलं गेलं. ज्यांनी अर्धं शतक आणि त्याहून जास्त काळ हे करून दाखवलं होतं त्यांनाच अपात्र ठरवलं. हा अन्यायच होता, आणि तो तेव्हाही अन्याय म्हणूनच ओळखला गेला. १८९४ मध्ये कोकणातल्या पेन्शनरांनी अर्ज लिहिला. १९१० मध्ये दख्खनच्या महारांनी थेट लंडनच्या भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली, आणि १९२१ मध्ये ती मोडूनही टाकली. गरज संपली, भरती संपली. निपाणीला १९२५ मध्ये बाबासाहेबांच्या उपस्थितीत परिषद भरली तेव्हा ही जखम ताजी होती.

पुन्हा दार उघडलं ते दुसऱ्या महायुद्धात. जुलै १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर गेले, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. कुठे? बेळगावात, याच छावणीत. टोपीवरच्या बिल्ल्यावर कोरेगावचा जयस्तंभ होता. पहिल्या पलटणीचा काळ मुख्यतः वायव्य सरहद्दीवर गेला, दुसरी ब्रह्मदेशात गेली. १९४७ मध्ये फाळणीच्या वेळी पंजाबातल्या निर्वासितांच्या रक्षणाला या पलटणी होत्या. बेळगावच्या सार्वजनिक आठवणीत याला जवळपास जागाच नाही, याचं खरं वाईट वाटतं. १९४६ मध्ये महार रेजिमेंटची मशीनगन रेजिमेंट झाली, केंद्र आधी कामठीला आणि पुढे मध्य प्रदेशात सागरला गेलं. जिथे केंद्र, तिथे बँड, परेड, स्मृतिदिन. बेळगावात मराठ्यांचं एकच केंद्र राहिलं आणि सांगणारंही तेच राहिलं.

गावात राहिलेल्यांचं युद्ध वेगळं होतं. १९४२ मध्ये एका बाजूला भरती चालू, तर दुसऱ्या बाजूला ‘चले जाव’. तारा तोडल्या जात होत्या, चावड्यांतली दप्तरं जळत होती. ज्या घराला पलटणीतून मनिऑर्डर यायची त्या घराची यात कोंडी व्हायची. नंतर स्वातंत्र्यसैनिकाला मान मिळाला तो रास्तच होता. पण ‘इंग्रजांसाठी लढला’ एवढ्यावर शिपायाची बोळवण झाली. घरखर्चाच्या हिशेबात युद्ध घराघरांत शिरलं ते १९४३ साली. रेशन आलं, रॉकेल मिळेनासं झालं, तांबं वाचवायला सरकारने मधे भोक पाडलेला पैसा काढला. पुढे कित्येक वर्षं हे भोकाचे पैसे पोरांच्या करगोट्यात ओवले गेले. कोल्हापूरजवळ वळिवड्याला त्याच सुमारास सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वस्ती झाली, आणि युरोपातलं युद्ध बाजारहाटाला आलेल्या गोऱ्या बायामुलांच्या रूपाने इथल्या लोकांनी पाहिलं.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेने आणखी एक तुकडा पाडला. बेळगाव जिल्हा मैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा कोल्हापूरला जोडला. शेजारच्या दोन गावांतून एकाच दिवशी भरती झालेल्यांची कागदपत्रं, विधवांच्या पेन्शनची प्रकरणं दोन राज्यांत वाटली गेली. आज निपाणीच्या एखाद्या नातवाला पणजोबाचं नाव शोधायचं असेल तर पणजोबा मराठा पलटणीत होता की महार पलटणीत, हे आधी कळावं लागतं. पहिल्याचं अभिलेख कार्यालय बेळगावात आहे, दुसऱ्याचं सागरला.