हेळव्याची वही आणि डीएनए

सुगी उरकली की चिकोडी, निपाणी, बेळगाव भागात हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारे लोक, येतात. सोप्यात बसून वही उघडतात आणि घराण्याचा मूळ पुरुष कोण, कुठल्या गावाहून उठला, इथं कसा वसला, भावाभावांच्या वाटण्या कशा झाल्या, हे वाचून दाखवतात. नव्या पोरांची नावं चढवतात, धान्य-पैसे घेतात आणि पुढच्या घरी जातात.

ही वही बापाकडून मुलाकडे चालते. फक्त पुरुषांत असणाऱ्या वाय गुणसूत्राचीही वाट तीच. ते पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ जसंच्या तसं उतरतं, मात्र नक्कल होताना अधूनमधून बारीक फरक पडतात. त्यामुळे खानापूरचं एक घर आणि साताऱ्याकडचं दुसरं ‘आम्ही एकाच मूळ पुरुषाचे’ म्हणत असतील, तर दोन्हीकडच्या पुरुषांचं वाय ताडून पाहता येतं. फरक जितके कमी, तितका समान पूर्वज अलीकडचा. मधे भावकीबाहेरून कुणी दत्तक आलेला असेल तर वहीतली रेघ अखंड राहते, वाय मात्र तुटतं. म्हणून वही खोटी ठरत नाही. तिला वारसा सांगायचा असतो, रक्त नव्हे.

पण ही एकच रेघ झाली. दहा पिढ्या मागं गेलं तर हिशेबानं त्या एका पिढीतच १,०२४ पूर्वज असतात. आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत, शिवाय मामा-भाचीचंही लग्न लागतं. त्यामुळे एकच माणूस दोन-तीन जागी येतो आणि खरा आकडा घटतो. त्यातल्या बायका वहीत सहसा नसतातच. त्यांचा माग मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाच्या, डीएनएवरून लागतो. जेमतेम १६,५६९ अक्षरांचा हा मजकूर आईकडून सगळ्या मुलांना मिळतो, पण पुढे जातो फक्त मुलींकडून.

ज्यांची वहीच कुणी ठेवली नाही, त्यांचं काय? खानापूरच्या आणि पलीकडे हल्याळ-यल्लापूरच्या जंगलपट्ट्यात सिद्दी राहतात. त्यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं. २०११ साली हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्राच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी इतरांसह त्यांचा डीएनए तपासला. आफ्रिकेतल्या बांटू भाषिकांशी त्यांचं नातं दिसलं, आणि स्थानिकांशी मिसळ सुमारे २०० वर्षांपूर्वी, म्हणजे आठेक पिढ्यांपूर्वी सुरू झाल्याचंही निघालं.

हा २०० वर्षांचा आकडा आला कुठून? बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना गुणसूत्रांच्या जोडीत आपसात तुकड्यांची अदलाबदल होते. बाहेरून आलेल्या पूर्वजाचा लांबलचक पट्टा पिढीगणिक असा कापला जातो. पट्टे लांब उरले असतील तर मिसळ ताजी, बारीक असतील तर जुनी. कागदाचा कपटा नसताना तुकड्यांच्या लांबीवरून पिढ्या मोजायची ही युक्ती मला या सगळ्या शास्त्रातली सर्वांत देखणी वाटते.

पैसे भरून घरी मागवायच्या चाचण्यांबद्दल मात्र जरा हात राखून. त्यातले टक्के आजच्या माणसांच्या नमुन्यांशी तुलना करून काढलेले असतात, पूर्वजांच्या नव्हे. ज्या भागातले नमुने कमी, तिथला निकाल ढोबळ. ‘मूळ गाव’ त्यातून कळत नाही. त्यासाठी पुन्हा कागदच. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, जुन्या दप्तरांत मोडी सापडते. तेव्हा चाचणीच्या आधी मोडी वाचणारा गाठावा, आणि हेळवी आले की वहीतल्या आपल्या पानाचा फोटो मागून घ्यावा.